पाटील सरांचा एच-इंडेक्स

जुलै उजाडला की आमच्या लायब्ररीत पुस्तकांपेक्षा एक्सेलच्या शीटच जास्त फिरतात. कॉलेजचा वार्षिक अहवाल भरायचा असतो, आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या मॅडमचा मेल येतो आणि त्या शीटमध्ये रकाने असतात, प्राध्यापकाचं नाव, पेपरचं नाव, जर्नल, आयएसएसएन (जर्नलचा ओळख क्रमांक), वर्ष, सायटेशन किती (म्हणजे नंतरच्या किती पेपरांनी तुमच्या पेपरचा रेफरन्स दिलाय), एच-इंडेक्स किती. ज्याचं त्याने भरून द्यावं अशी एक भाबडी अपेक्षा असते. प्रत्यक्षात सगळे माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतात, मॅडम, तुम्हाला त्या स्कोपसमधलं कळतंय, तेवढं आमचं बघून टाका की. (स्कोपस म्हणजे पेपर आणि सायटेशनची नोंद ठेवणारा डेटाबेस.) सांगलीतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. पुस्तकं द्यायची-घ्यायची म्हणून या लायनीत आले आणि आता लोकांची सायटेशन मोजत बसते. तक्रार नाहीये हां, मला आवडतं ते काम, फक्त त्या शीटच्या शेवटच्या दोन रकान्यांबद्दल माझं काहीतरी म्हणणं आहे आणि ते एकदा सविस्तर लिहायचंच होतं.

सुरुवात पाटील सरांपासून करते, कारण हे सगळं डोक्यात शिरलं ते त्यांच्यामुळे.

सर गणिताचे, पण त्यांचं काम मॅथेमॅटिकल फिजिक्समधलं. फिजिक्सवाले म्हणतात हे गणित आहे, गणितवाले म्हणतात हे फिजिक्स आहे, त्यामुळे दोन्हीकडच्या सेमिनारला सर पाहुण्यासारखे मागच्या बाकावर. आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची १९१५ सालची समीकरणं आहेत ना, एकमेकांत गुंतलेली दहा, ती कॉम्प्युटरवर आकडे टाकून अंदाजे नाही तर कागदावर, सूत्रात, पूर्ण सोडवून दाखवायची. अर्थात सगळीकडे सुटत नाहीतच ती, एखादी ठरावीक परिस्थिती धरावी लागते. सरांची परिस्थिती म्हणजे उजेड आणि उष्णता बाहेर टाकत टाकत स्वतःच्याच वजनाने आत कोसळणारा तारा. ताऱ्याच्या पोटात एक गणित चालतं, बाहेर दुसरं, आणि कडेवर दोन्ही तंतोतंत जुळली पाहिजेत. कडेवर दाब शून्य असणार असं आपल्याला वाटतं, पण ताऱ्यातून उष्णता बाहेर पडत असेल तर तिथला दाब शून्य नसतो, तो बाहेर जाणाऱ्या उष्णतेच्या प्रवाहाएवढा असतो, हे १९८५ मध्ये सांतोस यांनी दाखवलं. आता ही अट पाळायची म्हटलं की एक किचकट समीकरण समोर उभं राहतं, आणि ते कधी सुटतं, कसं सुटतं, यात सरांची उमेदीची वर्षं गेली. हे सगळं मला सरांनीच लायब्ररीच्या कार्डाच्या मागे आकृती काढून सांगितलेलं, जुनी कार्डं पडलीयत ढिगाने, तेवढाच उपयोग.

तर शीट. एच-इंडेक्स म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी पटकन सांगते. २००५ मध्ये होर्हे हिर्श नावाच्या कॅलिफोर्नियातल्या एका फिजिक्सच्या प्राध्यापकाने हा सुचवला. तुमचे पेपर सायटेशनप्रमाणे उतरत्या क्रमाने लावायचे आणि वरून मोजत यायचं, ज्या क्रमांकापर्यंत सायटेशन त्या क्रमांकाएवढी किंवा जास्त आहेत तिथे थांबायचं. सरांची रांग अशी, ४१, ९, ६, ५, ५, ३, २ आणि मग शून्यं. पाचव्या पेपरला पाच आहेत, सहाव्याला तीनच, म्हणजे एच-इंडेक्स ५. गंमत बघा, त्या ४१ च्या जागी ४१ हजार असते तरी उत्तर पाचच आलं असतं. हिर्शचा हेतू चांगलाच होता, एकाच गाजलेल्या पेपरवर कुणी जन्मभर मिरवू नये आणि नुसते ढिगाने पेपर काढून पण कुणी मोठा होऊ नये. पण हेतू एक आणि रकाना दुसरं.

हा पाच आकडा सुद्धा मी खाली आणलेला आहे. आधी एका डेटाबेसमध्ये सरांच्या नावावर आठ दिसत होता. मला जरा शंका आली म्हणून यादी उघडली, तर त्यात द्राक्षावरच्या भुरी रोगाचा एक पेपर, साखर कारखान्याच्या मळीवरचे दोन आणि एक चक्क गुडघ्याच्या ऑपरेशनचा, बहुतेक मिरजेच्या कुठल्यातरी डॉक्टरांचा. आडनाव पाटील, आद्याक्षरं दोन, जिल्हा सांगली. मशीनने बिचाऱ्याने तरी काय करावं, आमच्या स्टाफरूममध्ये 'पाटील सर' अशी हाक मारली तर चारजण मान वर करतात. सरांना यादी दाखवली तर त्यांनी चष्मा वर करून शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘मॅडम, गुडघा काढून टाका, भुरीचा राहू द्या. तासगावला माझी बाग आहे, भुरीचा अनुभव माझा पण आहे.’ मी सगळेच काढले. मग त्यांचा ऑर्किड नंबर काढून दिला, म्हणजे प्रत्येक संशोधकाचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, सोळा आकडी असतो, २०१२ पासून ही सोय सुरू झालीय ती याच गोंधळासाठी. प्राध्यापकाचा एच-इंडेक्स आठवरून पाचावर आणणारी ग्रंथपाल महाराष्ट्रात मी एकटीच असेन.

(बायकांचं तर विचारूच नका. आमच्या एका मॅडमचे लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावाने, नंतरचे सासरच्या, मधे एक पेपर दोन्ही आडनावं डॅश देऊन. तीन अर्धवट बायका दिसतात डेटाबेसमध्ये, प्रत्येकीचा एच-इंडेक्स केविलवाणा. जोडून घेतल्यावर बरा निघाला. यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

दुसरी गोष्ट म्हणजे एकाच माणसाचे आकडे जागेप्रमाणे बदलतात. सरांचा तो ४१ वाला पेपर गूगल स्कॉलरवर ५८ दाखवतो, कारण तिथे पीएचडीचे प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलात छापायच्या आधीच नेटवर टाकलेले पेपर), काय वाट्टेल ते धरतात. गणितवाल्यांची स्वतःची ठिकाणं आहेत, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं मॅथसायनेट आणि जर्मनीतलं झेडबीमॅथ. हे दुसरं मूळ १९३१ सालापासूनचं आणि २०२१ पासून सगळ्यांना फुकट. तिथे आकडा आणखी लहान दिसतो पण एक फार छान गोष्ट असते, बऱ्याच पेपरखाली दुसऱ्या एखाद्या गणितज्ञाने लिहिलेला छोटा परिचय असतो, या पेपरमध्ये काय केलंय, नवीन काय आहे. म्हणजे निदान एका माणसाने पेपर वाचलाय याचा पुरावा. शीटमध्ये त्याला रकाना नाही.

आकड्याचं महत्त्व सांगलीकराला कुणी शिकवायला नको. पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी पहिला प्रश्न, आयर्विनला (कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी) पाणी किती फूट? चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, २०१९ ला सत्तावन्नच्या वर गेलेलं. पण त्या आकड्याने आपलं काम भागतं कारण कितव्या फुटाला पाणी कुठे शिरतं हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं, सूर्यवंशी प्लॉटात आधी, मारुती चौकात नंतर, कुणी सामान कधी हलवायचं ते फुटावरून ठरतं. एच-इंडेक्स पाच म्हटल्यावर कुठली गल्ली समजायची, हे शीट मागणाऱ्यालाही माहीत नसतं आणि भरून देणाऱ्यालाही. आमच्या केमिस्ट्रीतल्या एका तरुण सरांचा एकवीस आहे. शीटमध्ये ते आणि पाटील सर एकाखाली एक येतात, एकवीस आणि पाच, आणि वाचणाऱ्याचा अर्थ लावून पण झालेला असतो.

गणितात आकडे लहान का, तर कारणं साधी आहेत. त्या विषयात माणसंच कमी. एकेका पेपरच्या शेवटी रेफरन्स पण कमी. आणि वेळ लागतो. रेफरीला, म्हणजे छापायच्या आधी पेपर तपासणाऱ्या तज्ज्ञाला, प्रत्येक ओळ तपासावी लागते, प्रयोगाचा फोटो बघून हो म्हणता येत नाही. सरांनी एक पेपर पाठवला तेव्हा त्यांची मुलगी दहावीला होती, छापून आला तेव्हा तिची बारावी उरकलेली. जर्नलचा जो इम्पॅक्ट फॅक्टर म्हणतात तो मागच्या दोन वर्षांच्या पेपरांवर काढलेला असतो, आणि गणितात पेपरची दखल घ्यायला सुरुवातच त्यानंतर होते. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित संघटनेने आणखी दोन संस्थांसोबत सायटेशनच्या आकड्यांवर एक रिपोर्ट काढला होता, त्यात हेच आहे, गणितातली बहुतेक सायटेशन त्या दोन वर्षांच्या बाहेर पडतात. ज्यांचं जगणं आकड्यांवर तेच सांगतायत की बाबांनो, आकड्यावर एवढा भरवसा ठेवू नका.

उलट टोकाला २०१५ साली हिग्स कणाचं वस्तुमान सांगणारा पेपर आला, त्याच्यावर ५,१५४ लेखक. तेहतीस पानांचा पेपर, त्यातली नऊ पानं विज्ञान आणि चोवीस पानं नुसती नावं आणि संस्था. एक सायटेशन आलं की पाच हजार जणांच्या खात्यात एकेक जमा. पाटील सर एकटे लिहितात, फार तर एक विद्यार्थी सोबत. दोन्हीकडचं सायटेशन शीटमध्ये एकच.

आता वैद्य नावाच्या एका गणितज्ञांची गोष्ट सांगते, कारण सरांचा सगळा संसार त्याच्यावर उभा आहे आणि त्यात आपल्या बाजूचा पण एक धागा आहे.

आपल्याला जयंत नारळीकर माहीत असतात. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर, १९०८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजहून शिकून आल्यावर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे १९४२ मध्ये गुजरातचा एक तरुण आला, प्रल्हाद चुनीलाल वैद्य. प्रश्न असा होता, की ताऱ्याच्या बाहेर गुरुत्वाकर्षण कसं असतं याचं उत्तर श्वार्झशिल्डने १९१६ मध्येच दिलेलं, पण त्याच्या उत्तरातला तारा प्रकाशच देत नाही. नुसता वजनदार गोळा. खरा तारा तर चोवीस तास ऊर्जा फेकत असतो, आणि ऊर्जा गेली म्हणजे वस्तुमान पण कमी होत जाणार. वैद्यांनी अशा प्रकाशणाऱ्या ताऱ्याचं उत्तर काढलं, ज्यात वस्तुमान ही एक ठरलेली संख्या न राहता वेळेबरोबर बदलत जाते. पेपर छापला १९४३ मध्ये, बंगळूरच्या करंट सायन्समध्ये, दोन पानांत मावेल एवढा. बाहेर महायुद्ध चाललेलं, देशात चले जावनंतरची धरपकड. अशा वेळी ताऱ्याच्या बाहेरची भूमिती कोण वाचणार, आणि वाचून करणार काय, कारण तसं गुरुत्वाकर्षण जिथे खरोखर जाणवेल असा तारा कुणी पाहिलेलाच नव्हता.

मग १९६३ मध्ये क्वेसार सापडले. प्रचंड ऊर्जा फेकणाऱ्या एवढ्याशा वस्तू, आणि कोसळणाऱ्या वस्तूंचं गणित एकदम सगळ्यांना हवंहवंसं झालं. शोधाशोध केली तर उत्तर वीस वर्षांपूर्वीच बनारसमध्ये तयार होतं. पुढे कृष्णविवर किरणं सोडून झिजतं हे हॉकिंगने १९७४ मध्ये मांडल्यावर त्या झिजण्याचं गणित करायला पण तेच. वैद्य मेट्रिक म्हणतात त्याला आता, जगभर. १९९९ मध्ये जनरल रिलेटिव्हिटी अँड ग्रॅव्हिटेशन या जर्नलने तो पेपर जुन्या सोन्याच्या मालिकेत पुन्हा छापला. तोवर वैद्य गुजरातीतून शाळेच्या पोरांना गणिताची गोडी लावण्यात रमले होते, २०१० मध्ये गेले.

समजा १९४८ साली त्यांना आमच्यासारखी शीट गेली असती, गेल्या पाच वर्षांत काय केलंत, त्याला सायटेशन किती. काय भरलं असतं?

आणि आणखी गंमत पुढे आहे. सरांच्या एका पेपरमध्ये पानापानावर वैद्य मेट्रिक, वैद्य मेट्रिक आहे, आणि शेवटी रेफरन्सच्या यादीत १९४३ चा पेपरच नाही. मी विचारलं, सर, ज्यांचं नाव घेताय त्यांचाच रेफरन्स नाही? तर म्हणाले, ‘अहो, ते आता नाव झालंय. पायथागोरसचा रेफरन्स कोण देतं?’ म्हणजे बघा, आधी कुणाला माहीत नाही म्हणून सायटेशन नाही आणि नंतर सगळ्यांनाच माहीत आहे म्हणून सायटेशन नाही. एमी नोएथरच्या १९१८ च्या प्रमेयाचं असंच आहे, ऊर्जा का टिकते, संवेग का टिकतो, याचं मूळ तिने दाखवलं, फिजिक्सचं अख्खं पुस्तक त्याच्यावर चालतं आणि तिचा मूळ पेपर यादीत टाकणारे थोडेच. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने या प्रकाराचा अभ्यासच केलाय, काम इतकं अंगवळणी पडतं की कर्त्याचा उल्लेख गळून जातो. मला तर वाटतं मोठेपणाची हीच पायरी वरची, पण एक्सेलला ती दिसत नाही.

कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींचं पण सांगता येईल, १९५५ चा पेपर, दहा वर्षांनी पेनरोज आणि मग हॉकिंग यांच्या प्रमेयांचा तो पाया ठरला. पण वैद्यांवरच एवढं लिहिलंय की ते राहू दे.

हिग्स मात्र सोडवत नाहीत. ज्यांच्या नावाचा तो कण, ते पीटर हिग्स. १९६४ मध्ये त्यांनी ते काम केलं आणि त्यानंतर सगळे मिळून दहा पेपरसुद्धा लिहिले नाहीत. एडिनबरा विद्यापीठात आमच्यासारखीच शीट फिरायची, अलीकडचे पेपर कळवा म्हणून, आणि हिग्स उत्तर पाठवायचे, काहीही नाही. २०१३ मध्ये नोबेल घ्यायला जाताना त्यांनी स्वतःच सांगितलेलं आहे, की आजच्या काळात मला कुणी नोकरीवर ठेवलं नसतं. हे वाचलं त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवलं, सगळे हसले, आयक्यूएसीच्या मॅडम पण हसल्या, आणि मग म्हणाल्या, शीट कधी देताय?

आणि जॉन बेल. क्वांटममधली ती प्रसिद्ध असमानता, जिच्या प्रयोगांना २०२२ चं नोबेल मिळालं. तो १९६४ चा पेपर बेल यांनी एका अगदी नव्या जर्नलमध्ये दिला, कारण मोठ्या जर्नलमध्ये छपाईचे पानामागे पैसे पडायचे आणि परक्या विद्यापीठात पाहुणे असताना यजमानांकडे ते मागायचं त्यांना जिवावर आलेलं. ते जर्नल काही वर्षांतच बंद पडलं. आजच्या हिशेबाने बघा, जर्नल यादीत नाही, इम्पॅक्ट फॅक्टर नाही, चालू पण नाही. मार्क शून्य.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग आकडे बंदच करा. तर नाही. आकडे यायच्या आधी काय होतं ते मी बघितलंय. कोण कुणाचा माणूस, कोण कुठल्या संस्थाचालकाच्या गावचा, कोणाच्या गाइडची कुणाशी ओळख, यावर फायली हलायच्या. २०१० मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ते एपीआयचे, म्हणजे प्राध्यापकाच्या कामाला मार्क देणारे पॉइंट आणले तेव्हा खेड्यातून आलेल्या, कुणाशी ओळखपाळख नसलेल्या दोन-चार जणांचं खरंच भलं झालेलं आहे. कागद दाखवला, पॉइंट भरले, प्रमोशन झालं. पाटील सर पण त्यातलेच. म्हणून मी सरसकट शिव्या घालत नाही.

पण पॉइंट आले की पॉइंट विकणारे पण आले. पंधरा दिवसांत छापून देतो, एवढे पैसे भरा. यूजीसीने मे २०१८ मध्ये स्वतःच्याच यादीतून ४,३०५ जर्नल काढून टाकली, यावरून काय ते समजा. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही बरं का. क्लॅरिव्हेट कंपनी दरवर्षी जगातल्या सर्वाधिक सायटेशनवाल्या शास्त्रज्ञांची यादी काढते, २०२३ मध्ये त्यांनी त्यातून गणित हा विषयच वगळला. कारण विषय लहान, आकडे लहान, त्यामुळे पाच-पन्नास जणांनी ठरवून तू माझं घे मी तुझं घेतो केलं की कुणीही जगात पहिल्या रांगेत. केमिस्ट्रीत एवढ्याशाने काही हलत नाही. गणितातला आकडा लहान असतो हा त्याचा दुबळेपणा वाटतो, पण फिरवायला सोपा असणं हा त्याहून मोठा घोळ आहे.

मग गेल्या वर्षी सरांची एक फाइल जायची होती आणि मी ठरवलं की या पाचाच्या मागे नेमकं काय आहे ते एकदा उघडून बघू. म्हणजे सरांचं नाव जिथे जिथे घेतलंय तो प्रत्येक पेपर काढायचा आणि ज्या वाक्यात घेतलंय ते वाक्य वाचायचं. एकूण सत्तरेक उल्लेख आहेत, दुपारी लायब्ररी रिकामी असते तेव्हा थोडे थोडे करत गेले.

तो ४१ वाला पेपर आधी घेतला. बहुतेक ठिकाणी असं, ‘या विषयावर बऱ्याच संशोधकांनी काम केले आहे’ आणि पुढे कंसात ४ ते १९. त्या सोळा जणांच्या झुंडीत सर एक. विशेष म्हणजे त्या पेपरचं पान ११३७ पासून सुरू होतं, आणि एकाने कधीतरी चुकून ११७३ टाइप केलं, तेव्हापासून पुढच्या कितीतरी पेपरांत ११७३ च चाललंय. म्हणजे कुणी मूळ पेपर उघडलेलाच नाही, एकाच्या यादीतून दुसऱ्याने उचललंय. लॉस एंजेलिसच्या दोन संशोधकांनी, सिमकिन आणि रॉयचौधरी, २००३ मध्ये अशाच छपाईच्या चुकांचा माग काढून अंदाज बांधला होता, की रेफरन्स देणाऱ्यांपैकी मूळ पेपर वाचणारे साधारण पाचातला एक. मला तो आकडा तेव्हा अतिशयोक्तीचा वाटलेला. आता वाटत नाही.

आणि मग तीन सायटेशनवाला पेपर. जो सरांच्या एच-इंडेक्समध्ये धरलाच जात नाही, रांगेत सहावा. प्रमाण या बंगळूरच्या जर्नलमधला. त्यातलं एक सायटेशन सरांचं स्वतःचं, पुढच्या पेपरात मागचं सांगावंच लागतं. दुसरं दक्षिण आफ्रिकेत डर्बनला काम करणाऱ्या एकाचं. तिथे या कोसळणाऱ्या ताऱ्यांवर काम करणारी मंडळी बरीच वर्षं आहेत. त्याने लिहिलंय, कडेवरचं हे समीकरण पाटील यांच्या रूपांतराने सरळ होतं, आम्ही ते इथे वापरतो, आणि पुढची चार पानं खरोखर त्या रूपांतरावर चालतात, प्रत्येक पायरीला सरांच्या समीकरणाचा नंबर. मला गणितातलं काही कळत नाही तरी एवढं कळत होतं की सरांचा पेपर बाजूला उघडा ठेवून हे लिहिलंय.

तिसरं सायटेशन वाचून मी जरा घाबरले. त्यात लिहिलेलं, की पाटील यांच्या निष्कर्षात एक अट सांगायची राहिली आहे, अमुक राशी शून्य नसेल तरच तो खरा आहे. म्हणजे चूक काढलेली. हे सरांना दाखवावं का नाही अशी चुळबुळ दोन दिवस केली, शेवटी प्रिंट काढून दिली. सरांनी उभ्या उभ्याच वाचायला घेतलं, मग खुर्ची ओढली, माझ्या टेबलावरचं पेन उचललं, इश्यू रजिस्टरच्या मागच्या पानावर काहीतरी आकडेमोड केली (रजिस्टर हो, सरकारी), आणि वर बघून अक्षरशः लहान पोरासारखे म्हणाले, ‘बरोबर आहे की हो याचं! मॅडम, यानं वाचलाय बघा!’ त्या दिवशी आम्हा दोघींना, मला आणि माझ्या असिस्टंटला, सरांनी समोरच्या गाड्यावरून भडंग आणून खायला घातलं. एका चुकीबद्दल.

एक्सेलच्या हिशेबात हे तिन्ही सारखेच. झुंडीतलं एक, डर्बनचं एक, चूक काढणारं एक. तीन वेळा अधिक एक.

तर माझं म्हणणं एवढंच, आकडा भरा, खुशाल भरा, पण आकड्यासोबत दोन-तीन वाक्यं पण जोडायला सांगा. प्राध्यापकाने स्वतःच निवडावीत, आपलं काम ज्याने खरंच वापरलं अशी, नुसतं नाव घेतलं अशी नकोत. खोटं लिहायला त्यात वाव कमी, कारण मूळ पेपर कुणीही उघडून बघू शकतं. समितीला वाचायला दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत. नवीन पोरं मला विचारतात, मॅडम लवकर छापणारं जर्नल कुठलं, त्याऐवजी निदान एकदा तरी विचारतील, माझ्या विषयात मन लावून वाचणारी माणसं कुठे आहेत.

सरांच्या फाइलला मी तसं एक पान जोडलं. वर डर्बनचं वाक्य, खाली चूक काढणारं वाक्य, सरांच्याच आग्रहाने. समितीने ते उलटून बघितलं का नाही ते काही कळलं नाही, शीटमध्ये पाच होता आणि पाचच गेला. प्रमोशन झालं, ते इतर पॉइंटवर.

पण पानाची बातमी स्टाफरूममध्ये पसरली आणि आता प्रत्येकाला तसलं पान हवंय. केमिस्ट्रीच्या एकवीसवाल्या सरांची सायटेशन दीड हजाराच्या वर आहेत. त्यांना म्हटलं, तुमची तुम्ही वाचा, मी फार तर शेजारी बसून चहा मागवते. मला वाटलेलं टाळतील, पण शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन खरंच आले, आणि पहिल्या वीस-पंचवीसातच त्यांना एक पेपर असा सापडला, ज्यात त्यांनी कधीच न केलेल्या प्रयोगाबद्दल त्यांचे आभार मानले होते. तेव्हापासून दर शनिवारी येतायत.